इरुंगाट्टुकोट्टैच्या धावमार्गावर एक दिवस

दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, बडोदे, सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर अशी गावे घेत जो राष्ट्रीय महामार्ग बेळगावास येतो, तोच पुढे धारवाड, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर आणि बंगळूर मागे टाकून थेट चेन्नईस जातो. जुनी माणसे त्याला अजून 'चार नंबर' म्हणतात. आता त्याचा क्रमांक ४८ आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे या रस्त्यापासून फार लांब नाहीत. त्याच्यावरून रात्रंदिवस धावणारे ट्रक त्यांनी पाहिले आहेत, आणि आपल्या गावच्या तरुणांना डोक्यावर काही न घालता त्याच रस्त्यावर मोटारसायकली पिटाळतानाही पाहिले आहे. मात्र या रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चेन्नई सुमारे चाळीस किलोमीटर उरली असता, कुंपणाने वेढलेली एक जागा आहे. तेथे मोटारसायकल वाटेल तितक्या वेगाने हाकण्यास कोणाचीही मनाई नाही. आणि तरीही तेथे जितके नियम आहेत तितके आम्ही दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावर पाहिले नाहीत. त्या जागेचे नाव इरुंगाट्टुकोट्टै. २०२४ सालच्या फेब्रुवारीतील एक शनिवार आम्ही तेथे घालविला, त्याची ही हकीकत.

आम्ही तेथे कसे जाऊन पोहोचलो हे थोडक्यात सांगितले पाहिजे. खानापूर तालुक्यातील आमच्या बहिणीचा थोरला मुलगा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो. वय बावीस. हात चांगला, बोलणे कमी, आणि मोटारसायकलचा नाद अतोनात. दीडशे सी. सी. ची गाडी त्याने स्वतःच्या कमाईतून, हप्त्यांनी घेतली. त्याच्याच गावचा, त्याच्याबरोबर पहिला क्रिस्तप्रसाद घेतलेला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी खानापूरच्या रस्त्यावर, एका उभ्या ट्रॉलीवर गाडी आदळून जागीच गेला. त्या दिवसापासून आमच्या बहिणीने पोराच्या गाडीची किल्ली रात्री उशाखाली ठेवण्यास सुरुवात केली. आणि अशा घरात पोराने एके दिवशी जेवताना सांगितले की चेन्नईजवळ शर्यतीच्या मार्गावर सरावाचा दिवस असतो, त्यासाठी आठ महिने पैसे साठविले आहेत, आणि आपण जाणार आहोत.

बहीण आमच्याकडे आली. "दादा, नाही म्हटले तर तो चोरून जाईल," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर जा. आणि तुम्ही 'आता पुरे' म्हणालात की त्याने गाडीवरून उतरायचे, एवढी एकच अट मी घातली आहे." पोराने अट मान्य केली. रविवारची मिस्सा बुडू नये म्हणून दिवसही शनिवारचाच निवडला गेला. अशा रीतीने, ज्यांना पायी चालणे हाच वाहतुकीचा उत्तम प्रकार वाटतो असे आम्ही, एका लहान टेम्पोत मोटारसायकल दोरांनी आवळून, पोरगा, त्याचा एक मेकॅनिक मित्र आणि टेम्पोवाला यांच्यासह आठशेहून अधिक किलोमीटरांच्या प्रवासाला निघालो.

वाटेचे वर्णन लांबवीत नाही. होसूर येथे मोटारसायकलींचा मोठा कारखाना आहे. तो मागे पडताना दोघाही पोरांनी, देवळावरून जाताना माणूस मान लववितो, तशी मान लवविली. पुढे वाणियंबाडी आणि आंबूर ही कातड्याच्या धंद्याची गावे लागतात. भाच्याने भाड्याने घेतलेला शर्यतीचा चामडी पोशाख पायांशी पिशवीत होता. दोन मिलिमीटरही जाडी नसेल अशा त्या चामड्यावर आमच्या बहिणीच्या जिवाचा घोर टांगलेला होता, हे आंबूर मागे पडेपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते. वेलूर ओलांडले आणि जमीन सपाट झाली. ताडाची झाडे आली, मोठाले तलाव आले. आणि रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून पूज्य असलेले, व १९९१ साली माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची जेथे हत्या झाली ते श्रीपेरुंबुदूर आले. आज या टापूत मोटारींचे कारखाने दाटीने उभे आहेत. त्यांच्याच शेजारी हा धावमार्ग आहे.

मद्रासला मोटार-शर्यतींचा नाद जुना. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ साली स्थापन झाली. तिच्या शर्यती शहराच्या उत्तरेस शोळावरम् येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या विमानांच्या धावपट्टीवर भरत, आणि त्या पाहण्यास हजारोंनी लोक लोटत. १९५५ साली मद्रासलगतच तिरुवोत्तियूर येथे एनफील्ड कंपनीचा भारतातील कारखाना निघाला, त्यामुळे गाड्या, सुटे भाग आणि ते जोडणारे जाणते हात हे सर्व तेथे हाताशीच होते. तथापि धावपट्टी ही विमानासाठी केलेली. मोटारसायकलने कोठे वळावे आणि घसरली तर कोठे जाऊन थांबावे, याचा विचार ती बांधणाऱ्याने केलेला नव्हता. म्हणून क्लबने इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःची जमीन घेऊन शर्यतीसाठीच म्हणून नवा मार्ग बांधला. तो १९९० साली खुला झाला. आज त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे १२. एवढ्या मोठ्या देशात असे पक्के मार्ग बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. कोइंबतूरचा २००३ पासून आहे, दिल्लीजवळील ग्रेटर नोइडाचा २०११ पासून. बेळगावच्या पोरास त्यांतल्या त्यात हाच महामार्गाने जोडलेला.

सकाळी साडेसहाला आम्ही फाटकाशी होतो. आत शिरताच प्रथम डोळ्यांत भरली ती रस्त्याची कोरी पाठ. तीवर पांढरा दुभाजक पट्टा नाही, खड्डा नाही, गतिरोधक नाही, गुरे नाहीत, समोरून येणारे कोणी नाही. वाहतूक एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. वळणांच्या कडेला रंगविलेल्या ठेंगण्या पट्ट्या. त्यांच्या पलीकडे मोकळी जागा, म्हणजे ज्याचा तोल गेला त्याने कशावरही न आदळता घसरत जाऊन थांबावे. आम्हांला खानापूरच्या रस्त्यावरील ती उभी ट्रॉली आठवली. माणूस बहुधा पडल्याने मरत नाही, पडल्यावर ज्यावर आदळतो त्याने मरतो, असे तेथील एका शिक्षकांनी आम्हांला मागाहून सांगितले. हे गृहस्थ एकेकाळी राष्ट्रीय स्पर्धांत धावलेले. आता पोटापुरते शिकवितात. केस पिकलेले, एक गुडघा किंचित आखडलेला. सर्व मुलांना ते 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ म्हणत.

गाडी खाली उतरल्यावर तिचे जे काही करण्यात आले ते पाहून आम्हांला मौज वाटली. सकाळपर्यंत रस्त्यावरची असलेली ती गाडी अर्ध्या तासात निराळीच दिसू लागली. आरसे काढले, कारण येथे मागे पाहावयाचे नसते. नंबराची पाटी आणि बाजूचा स्टँड काढला. पुढच्या दिव्यावर आणि पाठच्या लाल काचेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे पडल्यास काच फुटून मार्गावर पसरावयाची नाही. इंजिनाच्या तेलाच्या बोल्टला भोक पाडून त्यातून बारीक पोलादी तार ओवून पिळली होती. हे काम भाच्याने घरीच, लेथवरच्या सुटीत केलेले. इंजिनाच्या थरथरीने तो बोल्ट ढिला झाला तरी तारेमुळे गळून पडत नाही, आणि तेल मार्गावर सांडत नाही. रेडिएटरमधील हिरवे द्रावणही आदल्या दिवशीच काढून साधे पाणी भरले होते. ते द्रावण सांडले तर तेलासारखे निसरडे होते, पाणी सुकून जाते. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की यांतील निम्म्या गोष्टी स्वतःच्या रक्षणासाठी नव्हेत, तर मागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या रक्षणासाठी आहेत.

मग तपासणी. एक तरुण परीक्षक वहीत खुणा करीत एकेका गाडीपुढे वाकत होता. ब्रेकचे गुटके किती उरले, चेन किती सैल, टायरची नक्षी किती शिल्लक, चाकाला खुळखुळ आहे काय, हे तो बोटांनीच पाही. ॲक्सिलरेटरची मूठ पिळून सोडून देई. ती आपोआप झटकन मागे यावयास हवी. इंजिन बंद करण्याचे लाल बटण दाबून पाही. गाड्यांनंतर माणसांची पाळी. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारे आणि हनुवटीखाली दोन कड्यांतून पट्टा ओढून बांधावयाचे. हातमोजे मनगट झाकणारे. बूट घोट्याच्या वर. पाठीच्या कण्यावर कठीण कवच. कोइमतुरी उच्चाराने बोलणाऱ्या एका धनिक दिसणाऱ्या तरुणाची गाडी आमच्या भाच्याच्या गाडीच्या पाचपट किमतीची असावी. पण तिच्या पुढच्या चाकापाशी तेलाचा ओलावा दिसताच परीक्षकाने तिला बाजूस काढले. तो तरुण पुष्कळ बोलला. परीक्षक काहीच बोलला नाही, पुढच्या गाडीकडे वळला. आमच्या मनात त्या परीक्षकाविषयी मोठा आदर उत्पन्न झाला. अशी माणसे आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवर असती तर!

आठ वाजता सर्वांना सावलीत बसवून सूचना देण्यात आल्या. बोलणे इंग्रजीत, मधूनमधून तमिळ आणि हिंदी. भाच्याला जे समजत नव्हते ते त्याच्या मित्राने पुरविले. मुख्य धडा निशाणांचा. हिरवे म्हणजे मार्ग मोकळा. पिवळे हलू लागले की पुढे संकट आहे; वेग आवरा आणि कोणालाही मागे टाकू नका. निळे दिसले तर तुमच्याहून वेगवान स्वार मागून येत आहे. पिवळ्यावर तांबडे उभे पट्टे म्हणजे मार्ग निसरडा. काळे निशाण तुमच्या क्रमांकासह दिसले तर निमूटपणे आत या. तांबडे म्हणजे सर्वांनी थांबावयाचे; परंतु एकदम ब्रेक दाबून नव्हे, मागच्याचा विचार करून, हात वर करून, हळू येऊन. शिक्षक म्हणाले, "तंबी, निशाणवाला हा तुझा डोळा आहे. वळणापलीकडे त्याला दिसते, तुला दिसत नाही." हे निशाणवाले बहुतेक आसपासच्या गावांतील तरुण वाटले. दिवसभर एकेका वळणावर उन्हात उभे राहणे हे त्यांचे काम. टाळ्या त्यांच्या वाट्याला कधीच येत नसाव्यात.

पहिली पाळी साडेआठला. वेगाप्रमाणे तीन गट केलेले. नवख्यांचा गट शेवटी. प्रत्येक पाळी पंधरा-वीस मिनिटांची. पहिल्या दोन फेऱ्या शिक्षकाच्या मागे, एका रांगेत, सावकाश. मार्ग पाहावा आणि टायर तापावेत म्हणून. थंड टायर रस्त्याला धरत नाही. टायरचा जो भाग एका वेळी जमिनीस टेकलेला असतो तो उण्यापुऱ्या तळहाताएवढा. माणूस आणि गाडी यांचा सारा भार वळणावर तेवढ्यावर तोललेला असतो. म्हणूनच टायरमधील हवाही सकाळी थोडी कमी केली होती, कारण तापल्यावर ती फुगते.

आम्ही पिटच्या भिंतीशी उभे. हातात एक साधे घड्याळ. त्याने काटा थांबविता येतो एवढेच. प्रथम वेगवान गट गेला. सरळ पट्ट्यावरून पहिल्या वळणाकडे, जे उजवीकडचे आहे, एकामागून एक गाड्या अशा गेल्या की आवाज आधी कानांतून गेला आणि मग छातीतून. एकाचा गुडघा वळणावर जमिनीस घासला. आम्ही डोळे मिटून घेतले, हे कबूल करण्यास हरकत नाही. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. डोळे मिटून उघडेपर्यंत आमच्या गावच्या चर्चच्या दारापासून वेदीपर्यंतचे अंतर तुटते.

मग नवख्यांत भाचा गेला. त्याची पाठ ओळखू येईना. चामडी पोशाखात सगळेच एका आईची लेकरे दिसतात. तिसऱ्या फेरीपासून आम्ही घड्याळ लावू लागलो. २ मिनिटे ३१ सेकंद. सरासरी काढली तर ताशी सुमारे ८९ किलोमीटर. पोरगा आत आला, हेल्मेट काढले आणि त्याचा पहिला उद्गार असा: "मामा, मी घाबरलो होतो. बेळगावच्या रस्त्यावर याहून जोरात जातो, तेव्हा कधी घाबरलो नाही." आम्ही काही बोललो नाही. शिक्षकांनी मात्र ते ऐकले आणि हसून म्हटले, "आज पहिल्यांदा तू रस्ता नीट पाहिलास."

यानंतर त्यांनी जे शिकविले त्यातील दोन गोष्टी आम्हांलाही समजल्या, म्हणून त्या येथे देतो. एक, ब्रेक हा वळणाआधी, गाडी सरळ असताना लावावयाचा. वळणात शिरल्यावर नव्हे. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. वळणात घाबरून ब्रेक दाबणारा तेवढ्यासाठीच पडतो. दुसरी गोष्ट अधिक नवलाची. गाडी ही जेथे स्वार पाहतो तिकडे जाते. खड्ड्याकडे पाहत राहिलात तर खड्ड्यात जाल. वळणाच्या पुढल्या तोंडाकडे पाहिलेत तर तिकडे जाल. भाच्याची नजर पुढच्या चाकापाशी खिळलेली राहते, असे त्यांचे निदान. त्यांनी त्याला गाडीवर बसवून, गाडी उभीच असता, अर्धा तास फक्त मान वळविण्याचा सराव दिला. गोव्यातील पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालविणारे, अरुंद वाटांवरून मागे गिऱ्हाईक बसवून जातात तेव्हा त्यांची मान अशीच आधी वळते, हे आम्हांला आठवले. त्यांना हे कोणी शिकविले असेल?

दुसऱ्या पाळीत २ मिनिटे २६. तिसऱ्यात २ मिनिटे २२. भाच्याने मनाशी २ मिनिटे २० हा आकडा बांधला होता, आणि तो त्याने मित्रास सांगितलेला होता, आम्हांला नव्हे.

तिसऱ्या पाळीच्या अखेरीस, मधल्या गटातील एक स्वार आतल्या बाजूच्या वळणावर घसरला. त्या वेळी आम्ही नेमके त्याच बाजूस, कुंपणापाशी होतो. पुढचे चाक आतल्या बाजूला दुमडल्यासारखे झाले, आणि माणूस एका बाजूने व गाडी दुसऱ्या बाजूने घसरत गेली. तांबडे निशाण वळणावळणावर फडकले. आवाज एकेक करून मंदावत गेले, आणि मग त्या मैदानावर इतकी शांतता पसरली की महामार्गावरील ट्रकांची घरघर ऐकू येऊ लागली. रुग्णवाहिका निघाली तोच तो तरुण उठून बसला, मग उभा राहिला, हात वर केला. कोपरावरचे चामडे आरपार घासले गेले होते. कातडीला ओरखडाही नव्हता. तरी त्याला डॉक्टरांकडे नेण्यात आले आणि दिवसभर पुन्हा गाडीवर बसू दिले नाही. तो कुरकुरला. भाचा आमच्याकडे वळून म्हणाला, "पाहिलेत मामा? काही झाले नाही."

परंतु येथेच आम्हांला वाचकांपासून एक गोष्ट लपविता येत नाही, आणि भाच्यापासूनही आम्ही ती त्या दुपारी लपविली नाही. याच मार्गावर, ५ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे आमच्या भेटीच्या सहा महिने आधी, राष्ट्रीय स्पर्धेतील नवोदितांच्या शर्यतीत बंगळूरचा एक तेरा वर्षांचा मुलगा पडला. डोक्याला जबर इजा झाली. शर्यत तत्काळ थांबविली गेली, रुग्णवाहिका जागेवरच होती, त्याला इस्पितळात हलविण्यात आले. मुलगा वाचला नाही. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती क्लबने रद्द केल्या. त्याच वर्षी जानेवारीत, येथेच, ५९ वर्षांचे एक मुरलेले मोटार-स्पर्धक अपघातात मरण पावले होते. म्हणजे हेल्मेट, तार, निशाणे, डॉक्टर हे सारे असूनही येथे मरण येते; ते नवशिक्यालाही येते आणि जाणत्यालाही.

शिक्षकांपाशी आम्ही हा विषय काढला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की या खेळात नाव काढणारे जगभर लहानपणीच सुरुवात करतात, आणि तो मुलगा चांगला चालवीत होता. आम्ही विचारले, "तुमचा नातू असता तर?" ते म्हणाले, "मला नातू आहे. तो बुद्धिबळ खेळतो." आम्हांला हे उत्तर पुरेसे वाटले. आमचे मत लिहून टाकतो: बावीस वर्षांच्या कमावत्या मुलाने स्वतःच्या जिवाचा धोका समजून उमजून पत्करणे निराळे, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या वतीने आईबापांनी कागदावर सही करणे निराळे. कायदा दोन्ही चालवून घेतो म्हणून दोन्ही सारखी ठरत नाहीत. त्या आईबापांच्या दुःखाला बोल लावण्याचा मात्र आमचा अधिकार नाही, आणि हेतूही नाही.

दुसरीही बाजू मांडली पाहिजे. सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे अपघातांत मरण पावली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील. त्या आकड्यात शर्यत खेळणारे कितीसे असणार? दळण आणावयास गेलेले, लग्नाहून परतणारे, सणाच्या रात्री तिघे मिळून एका गाडीवर बसलेले, असे ते लोक. ज्या पोराला गावात वेगाची चटक लागली आहे त्याला किल्ली उशाखाली ठेवून किती दिवस आवरता येईल, हा प्रश्न आमच्या बहिणीला पडला होता तो याच साठी. इरुंगाट्टुकोट्टै हे त्याचे संपूर्ण उत्तर नव्हे. बेळगावहून येथे येण्याचा खर्च लेथवरचा कामगार वर्षातून एकदाच करू शकतो; आणि परत गेल्यावर तोच जुना रस्ता, तीच उभी ट्रॉली.

दुपारी जेवण झाले. सांबार-भात केळीच्या पानाच्या आकाराच्या कागदावर. चामडी पोशाख कमरेपर्यंत सोडून बसलेल्या पोरांच्या बनियनमधून घाम अक्षरशः ठिबकत होता. फेब्रुवारी असूनही दुपारचे ऊन मद्रासचेच. पाणी प्या, तहान लागण्याची वाट पाहू नका, असे शिक्षक पुनःपुन्हा सांगत फिरत होते. दमलेला स्वार चुकतो, आणि आपण दमलो आहोत हे त्याला सर्वांत शेवटी कळते.

चौथ्या पाळीत २ मिनिटे २१. पोराचा चेहरा उजळला होता. शेवटची पाळी साडेचारला होती. आम्ही त्याला पाण्याची बाटली दिली, तेव्हा ती उघडताना त्याच्या बोटांना झाकण फिरविता येईना. हात बारीक थरथरत होते. बहिणीची अट आम्हांला आठवली. 'आता पुरे' हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. परंतु एक विचार असा आला की आम्ही थांबविले तर तो थांबेल आमच्यामुळे, आणि खानापूरच्या रस्त्यावर आम्ही असणार नाही. म्हणून, शेवटची पाळी सुरू होण्यास दहा मिनिटे आहेत तोवर गप्प राहावयाचे आणि तो हेल्मेटचा पट्टा बांधू लागला तर मात्र बोलावयाचे, असे ठरवून आम्ही बाकावर बसलो. ती दहा मिनिटे फार लांब गेली.

मित्राने गाडी सुरू करून ठेवली होती. नवख्यांचा गट पिटच्या तोंडाशी रांगेत उभा राहू लागला. भाच्याने हातमोजे घातले, पुन्हा काढले, तळहाताकडे पाहिले. मग गाडीपाशी जाऊन लाल बटणाने इंजिन बंद केले.

"काय रे, जात नाहीस?" मित्राने विचारले. "एकच सेकंद राहिला आहे!"

"क्लच ओढताना बोटे वळत नाहीत," तो म्हणाला. "राहू दे."

शिक्षक त्या वेळी रांगेतील मुलांकडे चालले होते. ते थबकले, मागे येऊन त्यांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली आणि तमिळमध्ये काहीतरी बोलले. मित्राला त्याचा अर्थ लावता आला नाही, आम्हांलाही नाही. वीस मिनिटे इतरांचे आवाज येत राहिले. भाचा भिंतीशी उभा राहून एकेकाची मान वळणापूर्वी कोठे वळते ते पाहत होता, आणि जो चुके त्याचा क्रमांक पुटपुटत होता.

काळ्या-पांढऱ्या चौकटींचे निशाण पडले तेव्हा पाच वाजत आले होते. दिव्यांवरच्या चिकटपट्ट्या सोलल्या, आरसे परत बसविले, नंबराची पाटी लावली. टायरच्या कडांवर वितळून गुंडाळलेले रबराचे बारीक मणी जमले होते. भाच्याने ते झाडले नाहीत. फाटकापाशी निशाणवाले पोरे ओळीने बसून चहा पीत होती. भाच्याने टेम्पो थांबवून खाली उतरून प्रत्येकाशी हस्तांदोलन केले, तेव्हा ती थोडी चकित झाल्यासारखी दिसली. बहिणीला दूरध्वनी लावला. तिने विचारले, "कुठे लागले का?" पोराने सांगितले, "नाही आई. २ मिनिटे २१." त्या आकड्याचा अर्थ तिला कळणे शक्य नव्हते. तिने तो एकदा उच्चारून पाहिला आणि जेवलास काय, असे विचारले.

रात्रीचा मुक्काम वेलूरला केला. रविवारची सकाळची मिस्सा तेथेच ऐकली. तमिळमध्ये असल्याने प्रवचन काही समजले नाही, भजने मात्र गोड होती. पुढे बंगळूरपर्यंत टेम्पो भाच्याने चालविला. महामार्ग रुंद, मोकळा, आणि वर ऊन. मागे बांधलेल्या मोटारसायकलची दोरी सैल झाली आहे काय हे पाहण्यास त्याने दोनदा गाडी रस्त्यावरून पूर्णपणे खाली, मोकळ्या जागेत नेऊन थांबविली, आणि दोन्ही वेळा आधी मागे एक दगड आणि एक झाडाची फांदी ठेवून मगच तो दोरीकडे वळला.